मुंबई गोदीतील स्फोट (१४ एप्रिल १९४४) : ज्ञान, अधिकार आणि वेळ

मुंबई बंदराच्या आधुनिक इतिहासात १४ एप्रिल १९४४ या दिवसाइतका भीषण दिवस दुसरा नाही. त्या शुक्रवारी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी व्हिक्टोरिया गोदीत उभे असलेले ‘फोर्ट स्टिकाइन’ हे जहाज स्फोटाने दुभंगले आणि सुमारे अर्ध्या तासाने त्याच जहाजावर दुसरा, अधिक उंच उसळणारा स्फोट झाला. या घटनेविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात दोन सूर प्रमुख आहेत. पहिला सूर विध्वंसाच्या वर्णनाचा : आकाशातून पडलेल्या जळत्या गासड्या, सोन्याच्या विटा, धक्क्यावर फेकली गेलेली जहाजे. दुसरा सूर गौरवाचा : कर्तव्य बजावीत असता प्राणास मुकलेल्या ६६ अग्निशामक जवानांचा. दोन्ही सूर यथार्थ आहेत. तथापि त्यांच्यामुळे एक तिसरा प्रश्न बराचसा झाकला गेला आहे. धूर प्रथम दिसला तेव्हापासून स्फोट होईपर्यंत दोन तासांहून अधिक अवधी हाती होता. त्या अवधीत नेमके काय घडले, कोणाला काय ठाऊक होते, आणि निर्णय घेण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता? कामाच्या जागी ओढवणाऱ्या आपत्तीचा इतिहास लिहावयाचा तर हाच प्रश्न मध्यवर्ती मानला पाहिजे. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार केला आहे.

१

प्रथम गोदी ही कामाची जागा म्हणून कशी होती, हे पाहणे इष्ट होईल. १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी अशा तीन बंदिस्त गोद्या क्रमाने खुल्या झाल्या. पहिल्या दोन गोद्यांच्या मागे लगतच मांडवी, मस्जिद बंदर व डोंगरी हा वखारींचा आणि दाट वस्तीचा भाग पसरलेला होता. धान्य, कापूस, तेल आणि इमारती लाकूड यांचा साठा करणाऱ्या वखारी आणि त्यांना चिकटून माणसांची घरे, अशी या भागाची रचना होती. गोदीत काम करणारा मजूर मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून आलेला असे. त्यांपैकी बहुसंख्य लोक कायम नोकरीत नव्हते. मुकादमाने सकाळी टोळी उभी करावी, जहाजाला लागतील तेवढी माणसे घ्यावीत आणि उरलेल्यांनी परत जावे, अशी रीत होती. गोदी कामगारांच्या नेमणुकीचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. १९४४ मध्ये तसे काहीही अस्तित्वात नव्हते. या गोष्टीचे महत्त्व पुढे मृतांच्या गणनेचा विचार करताना लक्षात येईल.

शांततेच्या काळात स्फोटक माल घेऊन येणाऱ्या जहाजाने तो गोदीबाहेर, खुल्या पाण्यात पडावांवर उतरवावा, असा दंडक होता. त्यामागील कारण उघड आहे : अपघात झालाच तर त्याची झळ जहाजापुरती व पडावापुरती राहावी, शहराला पोहोचू नये. युद्धकाळात हा दंडक बाजूला ठेवण्यात आला. १९४४ च्या एप्रिलमध्ये जपानी सैन्य इंफाळ व कोहिमा यांच्या वेढ्यात गुंतले होते. पूर्व सीमेवर दारूगोळा त्वरेने पोहोचविणे निकडीचे होते. जहाजे थोडी आणि माल पुष्कळ अशी अवस्था असल्यामुळे स्फोटके भरलेली जहाजे थेट गोदीच्या धक्क्याला लागू लागली. नियम मोडणे हा येथे कोणा एका व्यक्तीचा हलगर्जीपणा नव्हता. ती राज्ययंत्रणेने समजून उमजून पत्करलेली जोखीम होती. मात्र जोखीम पत्करणारे एकीकडे आणि ती प्रत्यक्ष अंगावर घेणारे दुसरीकडे, अशी ही वाटणी होती. नियम शिथिल झाल्याची जाणीव जहाजाच्या पोटात उतरणाऱ्या मजुराला करून देण्याची आवश्यकता कोणाला भासली नाही.

२

‘फोर्ट स्टिकाइन’ हे ७,१४२ टनांचे जहाज कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे १९४२ साली बांधले गेले. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघाले. त्यावर सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा, लढाऊ विमानांचे सुटे भाग आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीस काही माल उतरविल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, तांदूळ आणि मासळीचे खत भरण्यात आले. कापूस व तेल हे दोन्ही ज्वालाग्राही पदार्थ. ते स्फोटकांच्या खाली व जवळ रचले गेले. कप्तान अलेक्झांडर नाईस्मिथ यांना ही मांडणी मान्य नव्हती, परंतु युद्धकाळात जागा रिकामी ठेवून जहाज चालविणे शक्य नाही, असे उत्तर त्यांच्यापुढे उभे होते.

१२ एप्रिलला जहाज मुंबईस पोहोचले आणि व्हिक्टोरिया गोदीच्या पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागले. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून अशा जहाजावर तांबडे निशाण फडकवण्याची प्रथा होती. ‘फोर्ट स्टिकाइन’वर ते निशाण लागले नाही. परिणामी शेजारच्या जहाजांवरील खलाशी, धक्क्यावरील हमाल आणि वखारींतील कारकून या सर्वांच्या दृष्टीने ते इतर जहाजांसारखेच एक जहाज होते. स्फोटके उतरविण्यासाठी लागणारे पडाव वेळेवर न आल्यामुळे सर्वांत धोक्याचा माल जहाजातच राहिला आणि दोन दिवस इतर माल उतरविण्याचे काम चालू राहिले. याच मुदतीत यंत्रांच्या दुरुस्तीसाठी त्यांचे भाग सोडविण्यात आले होते, त्यामुळे जहाज स्वतःच्या बळावर हलू शकत नव्हते.

अशा रीतीने आग लागण्यापूर्वीच चार गोष्टी एकत्र आल्या होत्या : नियमाला दिलेली सूट, मालाची सदोष रचना, धोक्याच्या खुणेचा अभाव आणि जहाजाची गतिशून्यता. यांपैकी प्रत्येकीचे समर्थन करता येण्याजोगे कारण होते. परंतु चारही एकाच धक्क्यावर, एकाच दुपारी जुळून आल्या आहेत, हे पाहण्याचे काम कोणाकडेही सोपविलेले नव्हते.

३

१४ एप्रिलला दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील काही जणांना ‘फोर्ट स्टिकाइन’च्या हवेच्या नळांतून धूर निघताना दिसला. त्यांनी तो पाहिला आणि आपापल्या कामाला लागले. परक्या जहाजावरील धुराची वर्दी देणे हे आपले काम आहे, असे त्यांना वाटले नाही. आणि ते जहाज कोणते सामान वाहते हे ठाऊक नसल्यामुळे तसे वाटण्याचे कारणही नव्हते. जेवणाच्या सुट्टीनंतर दीडच्या सुमारास कामगार दोन क्रमांकाच्या होल्डकडे परतले तेव्हा त्यांना धूर आढळला. दोनच्या सुमारास आगीची रीतसर हाकाटी झाली आणि धक्क्यावरील बंबांनी पाणी सोडण्यास आरंभ केला.

येथे पहिला महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. कापसाच्या गासडीची आग आणि दारूगोळ्याच्या जहाजावरील आग या दोन अगदी भिन्न आपत्ती होत. पहिलीस पाणी आणि धीर पुरेसा असतो. दुसरीत पहिल्या क्षणापासून परिसर रिकामा करण्याचा विचार करावा लागतो. गोदीत कापसाला आग लागणे ही अपरिचित गोष्ट नव्हती. म्हणून आरंभीचा प्रतिसाद कापसाच्या आगीला साजेसा होता. होल्डमध्ये काय आहे, हे मालाचा नकाशा हाती आल्यावर अग्निशामक दलाला समजले, आणि मग अधिक बंब मागविण्यात आले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः येऊन दाखल झाले. तोवर आगीचे मूळ दाट धुरात लपले होते.

जहाजात एकूण ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. तरीही आगीचे नेमके ठिकाण सापडेना. पाण्याची पातळी चढत गेली तसा जळता कापूस तरंगत वरच्या मजल्याकडे, म्हणजेच स्फोटकांच्या तळाकडे सरकू लागला. जो उपाय आग विझविण्यासाठी योजला होता तोच तिला धोक्याच्या मालाजवळ नेऊ लागला. पुढे जहाजाच्या पोलादी अंगावर एका ठिकाणी रंग भाजून निघू लागला आणि आगीचे मूळ त्या पत्र्यामागे आहे, असे स्पष्ट झाले. तेथे भोक पाडून पाणी आत सोडावे म्हणून पोलाद कापण्याचे वायुयंत्र आणविले गेले, परंतु ते ऐन वेळी कामी आले नाही.

दरम्यान धक्क्यावर दोन मते मांडली जात होती. लष्कराच्या दारूगोळा विभागाचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी या जहाजातील मालाच्या संहारक शक्तीची स्पष्ट कल्पना देऊन जहाज जागच्या जागी बुडविण्याचा सल्ला दिला. त्यावर आक्षेप असा की, धक्क्याजवळ पाण्याची खोली बेताचीच असल्याने जहाज बुडविले तरी ते थोडेसे खाली बसेल आणि स्फोटके असलेला मजला पाण्याच्या वरच राहील. दुसरे मत जहाज ओढून गोदीबाहेर समुद्रात नेण्याचे होते. त्यास हरकत अशी की, धक्क्यावरून जोडलेल्या नळ्या सोडाव्या लागतील, पाण्याचा मारा थांबेल आणि अरुंद दरवाजातून जाताना स्फोट झाला तर गोदीचे तोंडच बंद होईल. दोन्ही मतांत तथ्य होते आणि दोन्ही आक्षेपांतही तथ्य होते. अशा वेळी निर्णायक ठरतो तो अधिकार. येथे जहाजावर कप्तानाचा, आगीवर अग्निशामक दलाचा, धक्क्यावर पोर्ट ट्रस्टचा आणि दारूगोळ्यावर लष्कराचा अधिकार होता. चौघेही एकाच जागी उभे होते. चौघांवर हुकूम चालविणारा पाचवा कोणी नव्हता. परिणामी बुडविण्याचा निर्णय झाला नाही, बाहेर नेण्याचाही झाला नाही, आणि जे चालले होते तेच, म्हणजे पाणी सोडणे, चालू राहिले. यापेक्षा मोठी उणीव ही की, या दोहोंहून स्वतंत्र असा तिसरा निर्णय, म्हणजे आसपासची माणसे हलविण्याचा, कोणीच घेतला नाही. शेजारची जहाजे, शेड आणि वखारी यांतील काम जवळजवळ नेहमीप्रमाणे चालले होते.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. कप्तान नाईस्मिथ आणि धक्क्यावरील बंबवाल्यांपैकी बहुतेक जण जागच्या जागी गतप्राण झाले. त्याच सुमारास धावून आलेली मदत दुसऱ्या स्फोटात सापडली.

४

परिणामांची सविस्तर नोंद येथे करण्याचे प्रयोजन नाही. जवळपासची अकरा जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावरील शेडवर जाऊन पडला. कुलाबा वेधशाळेतील भूकंपमापकावर दोन्ही स्फोटांची नोंद झाली. जळत्या कापसाने वखारी व घरे पेटविली. सुमारे ८०,००० लोक निराश्रित झाले. बंगालच्या दुष्काळास वर्षही उलटले नव्हते, अशा वेळी ५०,००० टनांहून अधिक धान्य नष्ट झाले. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. ढिगारे उपसून गोद्या पुन्हा पूर्णपणे चालू करण्यास सुमारे ८,००० माणसांचे सात महिन्यांचे श्रम खर्ची पडले.

मृतांच्या संख्येविषयी मात्र एकवाक्यता नाही. आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळे अंदाज केले जातात. हा फरक केवळ स्फोटाच्या तीव्रतेमुळे पडला, असे मानणे बरोबर होणार नाही. अग्निशामक दलाच्या मृतांचा आकडा ६६ असा निश्चित सांगता येतो, कारण त्यांची हजेरी ठेवली जात होती. जो मजूर सकाळी मुकादमाच्या टोळीत उभा राहिला आणि दुपारी होल्डमध्ये उतरला, त्याचे नाव कोणत्याही कायम पटावर नव्हते. कामाच्या जागी त्या घटकेस किती माणसे आहेत हे ज्या व्यवस्थेला माहीत नसते, तिला आपत्तीच्या वेळी माणसे बाहेर काढता येत नाहीत आणि आपत्तीनंतर त्यांची गणतीही करता येत नाही. गावाकडे मनिऑर्डर येणे बंद झाले, हीच पुष्कळ घरांपुरती मृत्यूची नोंद ठरली असावी, असे अनुमान करणे अवास्तव होणार नाही.

स्फोटापूर्वी जशी गुप्तता होती, तशीच स्फोटानंतरही राहिली. युद्धकालीन नियंत्रणामुळे वृत्तपत्रांना या घटनेचे सविस्तर वृत्त देण्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मनाई होती. उलट जपानच्या अधिकाराखालील सायगाव नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी ही बातमी प्रसृत केली. जी गोष्ट शत्रूला ठाऊक झाली होती, ती मुंबईकर आपल्या डोळ्यांनी पाहून आणि कर्णोपकर्णी ऐकूनच जाणत होते. हा जपानी हवाई हल्ला आहे, ही अफवा शहरात पसरली ती या पोकळीमुळेच.

५

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. घातपाताची शक्यता समितीने मान्य केली नाही; सिगारेट वा काडी यांसारख्या निष्काळजीपणाच्या कृतीने कापूस पेटला असावा, असा तिचा निष्कर्ष होता. परंतु समिती ठिणगीपाशी थांबली नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय. युद्धाच्या निकडीमुळे स्फोटके गोदीत आणू देणे, कापूस स्फोटकांच्या सान्निध्यात रचणे, आणि आग लागल्यावर परिस्थितीचे गांभीर्य वेळीच न ओळखता जोमाचे उपाय न योजणे, ही कारणे तिने पुढे मांडली. ठिणगी कोणी टाकली या प्रश्नाचे उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही. ठिणगीतून एवढा अनर्थ का घडला, या प्रश्नाचे उत्तर मात्र समितीच्या या मांडणीत आहे.

या उत्तराची कसोटी अन्य बंदरांतील घटनांशी तुलना करून पाहता येते. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ ब्लाँ’ हे दारूगोळ्याचे जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन पेटले. त्यानेही युद्धकालीन सावधगिरी म्हणून तांबडे निशाण लावलेले नव्हते. लोक आग पाहण्यास किनाऱ्यावर जमले, आणि सुमारे २,००० माणसे मेली. तेथे व्हिन्सेंट कोलमन या रेल्वेच्या तारबाबूला जहाजातील मालाची कल्पना आली. येणारी प्रवासी गाडी थांबवावी म्हणून तो तार पाठवीत राहिला आणि तेथेच मृत्यू पावला. त्याने जे केले ते त्याच्या अधिकारात होते : त्याच्या हाती तारयंत्र होते आणि मालाचे ज्ञान त्याला झाले होते. मुंबईच्या धक्क्यावर असे ज्ञान आणि असे साधन एका हाती आले नाही.

मुंबईनंतर तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे ‘ग्रँडकँप’ या जहाजावरील अमोनियम नायट्रेटला आग लागली. पाण्याने माल खराब होईल म्हणून कप्तानाने होल्ड बंद करून वाफ सोडण्याचा हुकूम दिला. स्फोटात किमान ५८१ माणसे मेली. त्या गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलापैकी एक सोडून सारे ठार झाले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातील वखारीत साठविलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. तेथे आग विझविण्यासाठी धाडलेल्या दहा जणांच्या तुकडीला आत काय साठविले आहे, हे सांगण्यात आले नव्हते. तिच्यापैकी एकही जण परत आला नाही. शंभर वर्षांच्या अंतरातील या चार घटनांत देश, राज्यपद्धती आणि माल भिन्न आहेत. आगीजवळ सर्वप्रथम पोहोचणारा माणूस मालाविषयी सर्वांत कमी जाणतो, ही गोष्ट मात्र पुनःपुन्हा आढळते.

६

भारतात १४ एप्रिल हा दिवस अग्निशामक सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून सप्ताह साजरा होतो. भायखळ्याच्या केंद्रात मृत जवानांचे स्मारक आहे. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांची नोंदणी सुरू झाली आणि १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी, आरोग्यासाठी व कल्याणासाठी स्वतंत्र कायदा संमत झाला. हे सारे केवळ १९४४ च्या स्फोटाचे फलित आहे, असे म्हणता येणार नाही. कामगार चळवळीचा व स्वातंत्र्योत्तर धोरणाचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि होल्डमध्ये उतरणाऱ्याचे नाव पटावर असावे आणि तो कशाच्या जवळ काम करतो हे त्याला सांगितले जावे, या दोन गोष्टी त्या दुपारी नव्हत्या, हे या सुधारणांचे मोल ठरविताना विसरून चालणार नाही.

६६ जवानांच्या शौर्याविषयी येथे शंका घेतलेली नाही. जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यानंतरही ते नळ्या हाती धरून उभे होते, ही वस्तुस्थिती आहे. परंतु त्यांना मागे घेण्याचा हुकूम देण्याइतका अधिकार आणि तो देण्याइतके ज्ञान एका ठिकाणी नव्हते, हीसुद्धा तितकीच वस्तुस्थिती आहे. पहिल्या गोष्टीचे स्मरण दरवर्षी होते. दुसरीचा अभ्यास त्या मानाने थोडा झाला आहे. गोदीच्या इतिहासाकडे केवळ व्यापाराचा किंवा स्थापत्याचा इतिहास म्हणून न पाहता तेथे काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा इतिहास म्हणून पाहिले, तर दुपारी साडेबारा ते चार या साडेतीन तासांचे महत्त्व त्यानंतरच्या दोन स्फोटांपेक्षा तसूभरही कमी नाही, असे दिसून येईल.